सिवाला जायचंय? इजिप्तच्या वाळवंटातल्या ओॲसिसची तयारी, क्रमाने सगळं

इजिप्तला जाणारी आपली बहुतेक मंडळी कैरो, लक्सर, अस्वान आणि फारतर अबू सिंबेल करून परततात. सिवाचं नाव काढलं की टूरवाला एकतर "तिकडे काही नाहीये" म्हणतो नाहीतर असा काही रेट सांगतो की आपणच विषय बदलतो. खरं सांगायचं तर सिवाला स्वतःचं स्वतः जाणं अवघड नाहीये, फक्त लांब आहे आणि कागदांचा थोडा खेळ आहे, तो कुठल्या क्रमाने खेळायचा ते कळलं की झालं. मी जाऊन आलोय, जायच्या आधी माहिती शोधताना डोक्याचा पार भुगा झाला होता, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

१. आधी नकाशा उघडा, मग सुट्टी टाका

सिवा इजिप्तच्या पार पश्चिमेला आहे, तिथून लिबियाची सीमा साधारण ५० किमी. कैरोपासून सरळ रेष मारली तर फार वाटत नाही, पण रस्ता सरळ नाहीच, आधी वर भूमध्य समुद्राच्या काठाने मर्सा मत्रूह गाठायचं आणि तिथून खाली वाळवंटात साधारण ३०० किमी उतरायचं, म्हणजे कैरोहून एकूण ७५० किमीच्या आसपास पडतं. गाव समुद्रसपाटीच्या खाली, एका मोठ्या खोलगट भागात आहे, म्हणून तिथे गोड्या पाण्याचे झरे पण आहेत आणि खाऱ्या पाण्याची तळी पण, मधे खजूर आणि ऑलिव्हच्या बागा, आणि दक्षिणेला 'ग्रेट सँड सी' नावाचा वाळूचा समुद्र.

म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस, हे धरूनच चाला. मधे निदान तीन रात्री ठेवा. दोन रात्रीत उरकता येतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, कारण पहिला दिवस थकव्यात जातो आणि सफारीचा परवाना लगेच हातात पडेलच असं नाही. तेवढी सुट्टी नसेल तर सरळ पुढच्या वेळेसाठी ठेवा.

२. कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस मस्त असतात पण रात्री कडाक्याची थंडी पडते, वाळवंट म्हणजे गरमच असणार या समजुतीने नुसते टीशर्ट घेऊन जाऊ नका. मार्चपासून मे पर्यंत 'खमसीन' नावाचा वाऱ्या-वाळूचा प्रकार अधूनमधून येतो, तेव्हा आकाश पिवळं होतं आणि सगळं ठप्प. जून ते ऑगस्ट पारा चाळिशीला टेकतो, आपण विदर्भातले असलो तरी त्यावेळी जाऊ नये असंच माझं मत.

मला विचाराल तर ऑक्टोबर. खजुराची तोडणी चालू असते, आणि ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या सुमारास दक्रूर डोंगराच्या पायथ्याशी 'सियाहा' नावाचा तीन दिवसांचा उत्सव असतो. सिवाच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या लोकांची पूर्वी जबरदस्त भांडणं असायची, ती मिटवायला हा उत्सव सुरू झाला असं सांगतात, वर्षभराचे रुसवेफुगवे सोडून सगळे जमिनीवर एका पंगतीत जेवायला बसतात. फक्त त्या दिवसांत खोल्या आधीच भरलेल्या असतात. आणि रमजान कधी आहे ते बघूनच तारीख पक्की करा, दिवसा खाण्याची ठिकाणं बंद मिळतात.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट, निदान सहा महिने शिल्लक असलेला
- इजिप्तचा व्हिसा, याचे नियम बदलत असतात म्हणून दूतावासाच्या साइटवरचं ताजं वाचा, एजंटने व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका
- पासपोर्टचं फोटोचं पान आणि व्हिसाचं पान, दोन्हीच्या भरपूर झेरॉक्स
- सिवातल्या हॉटेलचं बुकिंग छापलेलं, त्यावर हॉटेलचं नाव आणि फोन अरबीत असेल तर फारच छान
- ट्रॅव्हल इन्शुरन्स

झेरॉक्सचं हसण्यावारी नेऊ नका. मत्रूहच्या पुढे चेकपोस्ट लागतात, तिथे परदेशी माणसाचा पासपोर्ट बघतात, कुठे राहणार विचारतात, आणि सफारीच्या परवान्यालाही कॉपी लागते. कॉपी हातात असली की ड्रायव्हर खाली उतरून देऊन येतो आणि गाडी सुटते, नाहीतर मूळ पासपोर्ट घेऊन कोणीतरी आत जातो आणि आपण खिडकीतून मान लांब करून बघत बसतो.

इन्शुरन्सबद्दल एक. बऱ्याच पॉलिसींमध्ये बारीक अक्षरात असतं की ज्या भागात जाऊ नका असा सरकारी सल्ला आहे तिथे कव्हर नाही. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटाबद्दल काही देशांचे असे सल्ले आहेत, त्यामुळे पॉलिसी घेतानाच 'सिवा' हे नाव घेऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

आणि ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय इजिप्तमध्ये ड्रोन न्यायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. सॅटेलाइट फोन आणि वॉकीटॉकीचंही तसंच, सीमेजवळच्या भागात या गोष्टी बॅगेत सापडणं म्हणजे नसती आफत.

४. पैसे आणि बॅग

रुपये तिकडे कोणी बदलून देत नाही. डॉलर न्या, कोऱ्या नोटा, फाटक्या किंवा पेनाने लिहिलेल्या नकोत. कैरोतच बँकेत किंवा एटीएममधून इजिप्शियन पाउंड घ्या. सिवात एटीएम आहे, पण "आहे" आणि "चालू आहे, त्यात पैसे आहेत" यात फरक असतो. गिझा-लक्सरला बऱ्याच ठिकाणी तिकिटं कार्डवरच घेतात त्यामुळे कॅशची सवय मोडते, सिवात टुकटुकवाला, झऱ्याकाठचा चहावाला, जीपवाला सगळे कॅशवाले. आणि सुटे! सुट्याला तिकडे 'फक्का' म्हणतात, मोठी नोट काढली की "फक्का नाही" हे उत्तर ठरलेलं, म्हणून कैरोत जिथे जिथे मोठी नोट मोडता येईल तिथे मोडत चला.

बॅगेत हे हवंच:

- जाड स्वेटर किंवा जॅकेट, कानटोपी
- तोंडाला गुंडाळायला सुती पंचा किंवा स्कार्फ
- रबरी सँडल, पाण्यात घालून चालता येतील अशा (का ते खाली येतंय)
- डासांचं मलम, पाणथळ जागा आहे, संध्याकाळी डास फोडून काढतात
- ओआरएसची पाकिटं, पोटाची नेहमीची औषधं
- टॉर्च आणि पॉवर बँक
- बसच्या प्रवासासाठी भाकरवडी-चिवडा, हे मी गंमतीने नाही लिहीत

सिमकार्ड कैरो विमानतळावरच घ्या. गावात नेटवर्क असतं, वाळूत शिरलं की जातं, ऑफलाइन नकाशे उतरवून ठेवा.

५. कैरो ते सिवा

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, तो भाग सोपा. पुढे तीन पर्याय.

एक, कैरोहून रात्रीची बस, दहा-बारा तास, स्वस्त, सकाळी सिवात. एसी इतका गार करतात की जॅकेट वरच्या कप्प्यात टाकलंत तर पस्तावाल, आणि चेकपोस्टवर रात्री-अपरात्री उठवतात. सीट आदल्या दिवशी जाऊन घ्या. बस कुठून सुटते ते तिकिटावर बघून हॉटेलवाल्याकडून खात्री करून घ्या, कैरोत बसस्टँड एक नाहीये आणि टॅक्सीवाला आपल्याला भलत्याच स्टँडवर मोकळ्या मनाने सोडून जातो.

दोन, तुकड्यातुकड्याने, म्हणजे कैरो-अलेक्झांड्रिया, तिथून मर्सा मत्रूह, तिथे मुक्काम आणि मग सकाळची बस किंवा मायक्रोबस सिवाला. वेळ असेल तर मी हाच सांगेन. एकतर उजेडात वाळवंट बघायला मिळतं (बघायला काही नसतं, तेच बघायचं असतं), आणि दुसरं म्हणजे वाटेत अलेक्झांड्रियापासून शंभरेक किमीवर एल अलामेन लागतं. तिथल्या युद्धस्मारकावर दुसऱ्या महायुद्धात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात गेलेल्या, ज्यांना कबर मिळाली नाही अशा हजारो सैनिकांची नावं कोरलीत, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे, त्यात आपले भारतीय जवान. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन १९४२ च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रुक शत्रूच्या हाती पडलं तेव्हा तिथे होती. आपल्याकडून इजिप्त फिरायला गेलेले इथे क्वचितच थांबतात. थांबा, तासाभराचंच काम आहे.

तीन, प्रायव्हेट गाडी. चारजण असाल तर परवडते. ठरवताना परतीचं, ड्रायव्हरच्या मुक्कामाचं आणि टोलचं आत्ताच बोलून घ्या.

मत्रूह ते सिवा या ३०० किमीत हॉटेल-धाबे असला प्रकार नाही, मधे एक थांबा येतो तिथे चहा आणि टॉयलेट उरकून घ्या.

६. पोचल्यावर

गाव लहान आहे, मधे चौक आणि त्यावर शालीचा किल्ला, हरवायची भीती नाही. राहायला साध्या खोलीपासून महागड्या इको लॉजपर्यंत सगळं. पहिल्यांदा जात असाल तर चौकाजवळ राहा, लांबच्या लॉजचे फोटो सुंदर असतात पण दर वेळी गाडी बोलवावी लागते.

फिरायला सायकल भाड्याने मिळते किंवा टुकटुक. टुकटुकवाल्याशी एकेका ठिकाणाचा नाही तर अर्ध्या दिवसाचा भाव ठरवा, ठिकाणांची नावं मोजून घ्या, आणि पैसे शेवटी.

इथले लोक मूळचे अमाझिघ, म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो ते, आणि आपसात सिवी बोलतात जी अरबी नाहीये. माणसं शांत आणि अगत्याची आहेत पण समाज जुन्या वळणाचा आहे. बायका बाहेर फार दिसत नाहीत, दिसल्या तर पूर्ण झाकलेल्या, त्यांचे फोटो अजिबात काढू नका, लांबून झूम करून पण नाही. आपल्याकडच्या बायकांनी ढगळ, अंग झाकणारे कपडे घ्यावेत. पुरुषांनीही गावात हाफपँट टाळलेली बरी. दारू मिळत नाही आणि शोधत फिरू नये.

शाकाहारी लोकांसाठी खास: फूल (वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळच म्हणा), तामेया (फलाफलसारखे वडे), कोशरी (भात, मसूर आणि मॅकरोनीची मिसळ), अंडी, ब्रेड, ऑलिव्ह, उपाशी राहणार नाही. पण 'लहमा नको' एवढंच म्हणून भागत नाही, कारण लहमा म्हणजे त्यांच्या लेखी मटण-बीफ, चिकन त्यात धरत नाहीत, आणि मग ताट येतं ते कोंबडीसकट. "ला लहमा, ला फिराख" असं दोन्ही बोला. मुलुखिया नावाची पालेभाजी दिसायला निष्पाप असते पण बरेचदा कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात शिजवलेली असते. पाणी बाटलीतलंच प्या. इजिप्तभर विकलं जाणारं 'सिवा' नावाचं बाटलीबंद पाणी याच जमिनीतून उपसलेलं आहे.

७. जुनी ठिकाणं, आणि ती कशी बघायची

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. लक्सरचं कर्नाकचं भव्य देऊळ बघून आलेला माणूस सिवाची देवळं बघून "एवढंच?" म्हणतो. आकाराने लहान आहेत, पडकी आहेत, पाट्यांवर माहिती जेमतेम. त्यामुळे गोष्ट माहीत करूनच जा, नाहीतर दगड बघून परत याल.

*अघुर्मी, आमून देवाचं, दैवी कौल देणारं देऊळ.* गावाच्या पूर्वेला काही किमीवर, एका खडकावर. सव्विसाव्या राजवंशातल्या अमासिस राजाच्या काळातलं, म्हणजे इसवी सनपूर्व सहावं शतक. इथला कौल भूमध्य समुद्राच्या पलीकडे ग्रीसपर्यंत मानला जायचा. इसपू ३३१ मध्ये सिकंदर खास यासाठी आला, आपण येतो तसाच, समुद्रकाठाने आत्ताच्या मत्रूहपर्यंत आणि मग खाली वाळवंटात. वाटेत पाणी संपलं, पाऊस पडून जीव वाचला, रस्ता हरवला तेव्हा कोणी म्हणतं दोन कावळ्यांनी वाट दाखवली आणि कोणी म्हणतं दोन सापांनी. पुजाऱ्याने त्याला देवाचा पुत्र म्हणून हाक मारली. आत जाऊन त्याने काय विचारलं ते त्याने बाहेर सांगितलंच नाही, मनाजोगतं उत्तर मिळालं एवढंच म्हणाला. गाभाऱ्याच्या भिंतीलगत एक अरुंद बोळ आहे तो मुद्दाम बघा, पुजारी तिथे लपून देवाचा आवाज काढत असणार असं मानतात. आणि वर जाऊन चारही बाजूंच्या खजुराच्या बागा बघा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

याच्याही आधी, इसपू ५२४ च्या सुमारास, इराणच्या कंबायसिस राजाने हे देऊळ उद्ध्वस्त करायला ५०,००० चं सैन्य पाठवलं आणि ते वाळूच्या वादळात गडप झालं असं हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लिहितो. आजतागायत त्याचा खात्रीचा पुरावा कोणाला मिळालेला नाही, पण जीपवाला तुम्हाला "इथेच कुठेतरी" म्हणून सगळीकडे हात करून दाखवेल.

*उम्म उबैदा.* अघुर्मीच्या खाली, नेक्तानेबो दुसरा या राजाच्या काळातलं देऊळ, आता जेमतेम एक कोरीव भिंत उभी आहे. भूकंपाने नाही गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने बांधकामाला दगड हवा म्हणून सुरुंग लावून उडवलं. पाच मिनिटं लागतात बघायला, राग बराच वेळ राहतो.

*जबल अल-मौता, मृतांचा डोंगर.* सगळ्या डोंगराला थडग्यांची भोकं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा गावकरी इथे लपायला आले आणि त्या गडबडीत चित्रांची थडगी उघडी पडली. सी-आमूनचं थडगं चुकवू नका, दाढीवाला माणूस ग्रीक वळणाचा आणि भोवती देव सगळे इजिप्तचे, रंग अजून टवटवीत. आत फोटोला मनाई आहे. कुलपं असतात, पहारेकरी किल्ल्या घेऊन फिरतो, त्याला म्हणा "सी-आमून" आणि "तिम्साह", म्हणजे मगरीचं थडगं, तेही उघडतो. थोडा फक्का हातावर ठेवा.

*शाली.* तेराव्या शतकातला किल्ला-कम-गाव, मीठ आणि माती मिसळलेल्या 'कर्शेफ' नावाच्या ढेकळांनी बांधलेला. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणून सातशे वर्षं टिकला, आणि १९२६ मध्ये सलग तीन दिवस पाऊस झाला तर गुळाच्या खड्यासारखा विरघळायला लागला, लोक घरं सोडून खाली आले. अलीकडे काही भागाची डागडुजी होऊन २०२० मध्ये तो खुला झाला. संध्याकाळी वर चढा, पण मळलेली वाट सोडून पडक्या भिंतींवर चढू नका, पायाखालचं ढेकूळ निसटतं.

सिकंदरची कबर सिवात सापडली अशी बातमी १९९५ मध्ये गाजली होती, इजिप्तच्या पुरातत्त्ववाल्यांनी आणि इतर अभ्यासकांनी ती मानली नाही. गाइड अजूनही जादा पैसे घेऊन तिकडे नेतात, मराकीच्या बाजूला. माझ्या मते सोडून द्या.

८. झरे आणि मिठाची तळी

क्लिओपात्राचा झरा म्हणून गोल हौद आहे, क्लिओपात्राचा त्याच्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. पण सिवाच्या 'सूर्याच्या झऱ्या'बद्दल हिरोडोटसने लिहिलंय की पाणी दुपारी गार आणि मध्यरात्री ऊन असतं, आणि तो हाच असावा असं मानतात. पाण्याचं तापमान दिवसभर जवळपास तेच असतं, हवा बदलते म्हणून आपल्याला तसं वाटतं. सकाळी लवकर उतरून बघा. बायकांनी पूर्ण टीशर्ट आणि लेगिंग घालूनच उतरावं, आजूबाजूला गावातली पोरं असतात.

मिठाची निळीशार तळी म्हणजे बहुतेक मीठ काढून झालेले खड्डे आहेत. माणूस बुडत नाही, तरंगतो, एवढं खरं. पण:

- आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको, आग आग होते
- कडा स्फटिकांच्या आहेत, काचेसारख्या कापतात, म्हणून ते रबरी सँडल
- पाठीवर तरंगा, पालथं पडू नका, डोळ्यात गेलं तर काही सुचत नाही
- गोड्या पाण्याची बाटली काठावर उघडून ठेवा, आणि नंतर थेट झऱ्यावर जाऊन अंग धुवा

संध्याकाळी फत्नास बेटावर जा, चहा घ्या, सूर्यास्त बघा.

९. वाळूत जाताना: तसरीह

ग्रेट सँड सीमध्ये, बीर वाहिद नावाच्या गरम झऱ्यापर्यंत, अर्ध्या दिवसाची जीप सफारी असते. परदेशी माणसाला यासाठी परवाना लागतो, तसरीह. तो जीपवाला किंवा हॉटेलवाला काढून आणतो, पासपोर्टच्या कॉपी आणि फी आदल्या दिवशीच द्या. "परवान्याची काही गरज नाही, मागच्या वाटेने नेतो, पैसे कमी" असं म्हणणारा भेटेल. त्याच्याबरोबर जाऊ नका. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये याच पश्चिम वाळवंटात, बहरिया या दुसऱ्या ओॲसिसच्या बाजूला, सुरक्षा दलांनी पर्यटकांच्या ताफ्याला अतिरेकी समजून गोळीबार केला, आठ मेक्सिकन पर्यटक आणि चार इजिप्शियन गेले. सीमेजवळच्या वाळवंटात आपण कुठे आहोत हे सरकारला माहीत असणं, हाच परवान्याचा खरा उपयोग.

बसायच्या आधी जीपमध्ये पट्टे आहेत का, स्टेपनी आहे का, पाणी किती आहे ते बघा. ड्रायव्हर वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करतो, घाबरू नका, तसंच करायचं असतं. टेकड्यांवरून गाडी सरळ खाली सोडतात, पाठीचा त्रास असेल तर आधीच "शुवैया शुवैया" म्हणजे हळूहळू सांगून ठेवा. रात्री तंबूत राहायचं असेल तर परवान्यात ते आहे का ते विचारा, नसेल तर अंधार पडायच्या आत गावात.

वाळूत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म पडलेले दिसतात, कधीकाळी इथे समुद्र होता. हातात घेऊन बघा आणि ठेवून द्या. हा संरक्षित भाग आहे, आणि विमानतळावर बॅगेत जीवाश्म निघाला तर उत्तर द्यायला कोणी मदतीला येत नाही.

१०. परत येताना

परतीचं तिकीट सिवात पोचलात त्याच दिवशी काढा, शुक्रवारच्या आसपास आणि उत्सवाच्या दिवसांत जागा मिळत नाही. कैरोहून विमान असेल तर मधे एक पूर्ण रात्र मोकळी ठेवा, वाळूचं वादळ आलं की रस्ता बंद करतात. सिवाहून थेट बहरियाला जाणारा वाळवंटी रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण त्याला वेगळा परवाना लागतो आणि तो मिळेलच या भरवशावर प्लॅन आखू नका, आल्या वाटेने मत्रूहवरूनच परता.

घ्यायचं काय, तर खजूर, ऑलिव्हचं तेल आणि मिठाचे दिवे. खजूर चाखून, किलोवर घ्या, चौकातल्यापेक्षा मागच्या गल्लीत स्वस्त. मिठाचा दिवा घेतलात तर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून सामानात टाका, मुंबईच्या दमट हवेत त्याला घाम फुटतो, खाली ताटली ठेवावी लागते.